मिठाच्या वाट्या

माझ्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे तक्रार नको. सासरी हे सगळ्यांना ठाऊक आहे. हैदराबादेत आबिड्समधल्या आमच्या ऑफिसात ते पहिल्या आठवड्यातच कळलं. नाव तारामती, वय तेव्हा एकोणचाळीस, दोन मुलं मोठी झालेली, आणि सहा महिन्यांचा कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून नव्याने नोकरीला लागलेली. सन दोन हजार एक.

ऑफिस म्हणजे चपलांच्या दुकानावरचा दुसरा मजला. तिथे आमच्या नामदेवरावांनी बावीस वर्षं टायपिंगचे क्लास चालवले होते. नव्वदीनंतर देशात सगळंच खुलं झालं, घरोघरी कॉम्प्युटर आले, आणि टायपिंगला येणारी पोरं आटली. नामदेवराव रडत बसले नाहीत. त्यांनी टाइपरायटर विकले, एक तेवढा टेबलावर ठेवला आणि वेबसाइट बनवायची कंपनी काढली. माणूस मात्र टायपिंगचा मास्तरच राहिला. कुणाचाही कागद हातात आला की आधी चष्मा कपाळावरून खाली यायचा आणि लाल पेन बाहेर यायचं.

आमचा मुख्य प्रोग्रॅमर अभिजीत. पुण्याचा, पंचविशीतला, अतिशय हुशार, आणि हे त्याला कुणी सांगावं लागत नव्हतं. त्याने एक चांगली गोष्ट केली होती. प्रत्येक वेबसाइटला लागणाऱ्या समाईक गोष्टी, म्हणजे लॉगिन, फॉर्म, याद्या, तारखा, त्याने एकदाच लिहून ठेवल्या होत्या, आणि प्रत्येक नवी साइट त्यावर उभी केली होती. अशा गोष्टीला फ्रेमवर्क म्हणतात. त्याने त्याचं नाव ठेवलं होतं ‘पाया’. त्या पायावर तेव्हा आमच्या अकरा साइट्स उभ्या होत्या: मोत्यांचं दुकान, दोन शाळा, एक वधूवर सूचक मंडळ, आणखी अशाच. सोय मोठी होती. पण पायातली एक वीट हलवली की अकरा घरं हलणार, एवढं मला डिप्लोमा नसतानाही कळलं असतं.

माझं काम तपासण्याचं. मी लाल पुठ्ठ्याची एक जाड वही केली होती. सापडलेली प्रत्येक चूक नंबर घालून तिच्यात लिहायची. अभिजीतने ती दुरुस्त केली की पुन्हा तपासायची. आणि माझा नियम असा, की पायात कुठेही काही बदललं, अगदी एक ओळ जरी, तरी वहीतले सगळे नंबर पहिल्यापासून तपासायचे. गेलेली चूक परत येत नाही असं कुणी सांगितलंय? माहेरी गेलेली सूनही परत येते. ऑगस्टपर्यंत वहीत सेहेचाळीस नंबर झाले होते. सगळे तपासायला अडीच तास लागायचे.

अभिजीतला याचा भयंकर कंटाळा. तो म्हणायचा, ताई, माझ्या मशीनवर चालतंय की. मी म्हणायची, गिऱ्हाईक तुझ्या मशीनवर येऊन बसणार आहे का? तो म्हणायचा, एकच ओळ बदललीय. मी म्हणायची, दुधात मिठाचा एकच खडा पडतो. एकदा मी फारच चिडले आणि सुनावलं, की आम्ही नैवेद्यसुद्धा न चाखता करतो, पण तो देवासाठी. गिऱ्हाईक काही देव नव्हे, त्याच्या पानात न चाखता वाढू नकोस. तर हा शांतपणे विचारतो, मग देवाचा नैवेद्य अळणी झाला तर कळतं कसं? मला उत्तर सुचलं नाही. उत्तर सुचलं नाही की माझा राग दुप्पट होतो. दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही.

हे चालू असताना माझी नोकरी मात्र दोरीवर होती. नामदेवरावांनी मला सहा महिन्यांच्या बोलीवर ठेवलं होतं. ते ऑगस्टच्या अखेरच्या सोमवारी संपणार होते. तपासायला वेगळं माणूस लागतं का, लिहिणाऱ्याने स्वतः बघितलं तर चालत नाही का, हे त्यांचं ठरत नव्हतं. त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, की सोमवारी नवी साइट सुरू होईल, ती कशी होते ते बघून ठरवू. मला ती नोकरी हवी होती. घर आमच्या ह्यांच्या रेल्वेच्या पगारावर चालत होतं, त्याची अडचण नव्हती. लग्नानंतर एकोणीस वर्षांनी मला ‘तारामतीताई, हे जरा बघता का’ असं कुणीतरी विचारत होतं, ते मला सोडायचं नव्हतं.

नवी साइट होती निवृत्त कर्मचाऱ्यांच्या एका संघटनेची. सभासद सगळे जुन्या निजामी हैदराबाद संस्थानात जन्मलेले. कुणी मराठी, कुणी तेलुगू, कुणी उर्दू बोलणारे. त्यांनी घरबसल्या नावं नोंदवायची. सोमवारी नामपल्लीच्या एका हॉलमध्ये त्यांच्या सभेत साइट सुरू करायची होती. माझे सासरे एकनाथराव त्या संघटनेचे जुने सभासद. पाटबंधारे खात्यातून निवृत्त. शुक्रवारी मी मामंजींना ऑफिसात घेऊन गेले. म्हटलं, खरा म्हातारा खऱ्या फॉर्मवर बसवून बघू.

मामंजींनी एका बोटाने हल्लू हल्लू नाव लिहिलं. पत्ता लिहिला, अंबरपेठ. पुढे फॉर्मवर लिहिलं होतं, जन्मतारीख, शाळेच्या दाखल्याप्रमाणे. मामंजींनी वर्षाच्या चौकटीत लिहिलं, १३४४. कॉम्प्युटरने लाल अक्षरांत उत्तर दिलं, वर्ष चुकीचे आहे.

मामंजींनी माझ्याकडे असं बघितलं जसं काही मीच ते लिहिलं. मग त्यांनी पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला शाळेचा दाखला काढला. उर्दूत लिहिलेला, त्यावर महिना तीर, साल १३४४ फसली. निजामाच्या राज्यात सरकारी साल फसली होतं. त्यात पाचशे नव्वद मिळवले, आणि महिना जानेवारीपासून पुढचा असेल तर पाचशे एक्याण्णव, की आपलं नेहमीचं वर्ष मिळतं. मामंजींचं एकोणीसशे पस्तीस. दाखल्याप्रमाणे लिहा म्हटल्यावर निम्मे सभासद हेच लिहिणार होते. अभिजीतने फसली हा शब्द जन्मात ऐकला नव्हता. नामदेवरावांचा स्वतःचा दाखला फसलीतला, त्यांनी तर कपाळावर हात मारून घेतला. मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, हे सोमवारी त्या हॉलमध्ये झालं असतं तर काय शोभा झाली असती. मी दिवसभर हवेत होते.

शनिवारी संध्याकाळी पावणेसहाला अभिजीत म्हणाला, झालं. चौदाशेपेक्षा लहान वर्ष आलं की ते फसली समजायचं आणि त्यात पाचशे नव्वद किंवा एक्याण्णव मिळवायचे. तारखांचा कारभार सगळा पायात, म्हणून बदलही पायातच केला होता. एकच ओळ.

आता त्या शनिवारी आमच्याकडे महालक्ष्म्या यायच्या होत्या. मुखवटे घेऊन उंबरठ्यावरून आत यायचं ते सुनेनं, आणि मुहूर्त साडेसातपर्यंत. आबिड्सहून अंबरपेठची बस, शनिवारची गर्दी. मी मामंजींची तारीख टाकून बघितली. वय सहासष्ट, बरोबर. शाळेच्या साइटवर एक तारीख, मोत्यांच्या दुकानात एक. तिन्ही ठीक. घड्याळात सहा वाजून पाच मिनिटं. मी वही उघडली आणि पहिल्यापासून सेहेचाळिसाव्यापर्यंत सरळ खुणा करत गेले. मध्ये एकदाही थांबले नाही, हे लिहिताना आज लाज वाटते.

अभिजीत साइट इंटरनेटवर चढवायला बसला होता. त्याने मान न वळवता विचारलं, “ताई, सगळे सेहेचाळीस?”

“हो,” मी म्हटलं, आणि पर्स उचलली.

त्याने पाया चढवला. अकराही साइट्सखाली नवा पाया गेला. मी सात वाजून वीस मिनिटांनी महालक्ष्म्यांचे मुखवटे घेऊन उंबरठा ओलांडला आणि माझ्यासारखी कर्तबगार बाई नाही असं मला वाटत होतं.

रविवारी पूजेचा मोठा स्वयंपाक. सोळा भाज्या, पुरणपोळी, कटाची आमटी, कढी, आणि ज्वारीची आंबील. यातलं काहीही नैवेद्य होईपर्यंत चाखायचं नाही. माझ्या सासूबाई, सावित्रीबाई, चाखत नाहीत आणि त्यांचं मीठ कधी चुकत नाही. त्याचं कारण मी एकोणीस वर्षं बघत होते आणि मला ते कधी दिसलं नव्हतं. त्या चूल पेटवायच्या आधी खिडकीच्या कट्ट्यावर छोट्या वाट्यांची रांग लावतात. जितके पदार्थ तितक्या वाट्या. प्रत्येकीत त्या त्या पदार्थाचं मीठ मोजून. आधी मीठ मोजायचं, मगच काडी ओढायची. पदार्थात मीठ पडलं की वाटी तिथल्या तिथे उलटी घालायची. पान वाढून झालं की त्या आधी पानाकडे बघत नाहीत, रांगेकडे बघतात.

पान वाढून झालं होतं, आमचे हे सोवळं नेसून आरतीला उभे होते. सासूबाईंनी रांगेवरून नजर फिरवली आणि थांबल्या. एक वाटी उलटी नव्हती. मीठ काठोकाठ. त्यांनी विचारलं होतं मला मघाशी, आंबिलीत मीठ घातलं का म्हणून, आणि मी भाज्यांच्या धांदलीत हौ म्हणून मोकळी झाले होते.

त्यांनी वाटी उचलली, आंबिलीत रिकामी केली, पळीने ढवळलं, पानातली आंबील बदलली, वाटी उलटी ठेवली. रागावल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, “तारा, घातलं म्हणल्यानं मीठ पडत नाही.”

आरती सुरू झाली. मी टाळ्या वाजवत होते आणि माझ्या डोळ्यापुढे लाल वही. सेहेचाळीस वाट्या, त्यातल्या तीनच उलट्या, आणि मी सगळ्यांवर खूण करून आले होते. दुसऱ्याला सहा महिने सांगत होते की चाखल्याशिवाय वाढू नकोस. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

सवाष्णींची पानं उठली, तशी मी आमच्या गल्लीच्या तोंडाच्या सायबर कॅफेत गेले. अंगावर इरकली साडी, नाकात नथ, कपाळावर मळवट. कॅफेवाला घाबरून उभाच राहिला. वही ऑफिसात होती, पण सेहेचाळीस नंबर मला तोंडपाठ होते. एकेक करत निघाले. एक, दोन, तीन. तीसपर्यंत सगळं ठीक. मला वाटायला लागलं, देवीने सांभाळलं.

नंबर एकतीस, वधूवर मंडळ. ही मे महिन्यातली चूक. लोक जन्मवर्ष नुसतं ७५ असं दोन आकडी लिहायचे, आणि पाया त्याला इसवी सन पंचाहत्तर समजायचा. मी ती पकडली होती, अभिजीतने दोन आकडी वर्षाच्या आधी एकोणीस जोडायची ओळ घातली होती, मी वहीत टिच्चून लिहिलं होतं, दुरुस्त. शनिवारी त्याने नवी ओळ त्या ओळीच्या आधी घातली. पंचाहत्तर काय, चौदाशेपेक्षा लहानच. झालं फसली. मिळव पाचशे नव्वद.

शनिवार संध्याकाळपासून मंडळात तीन मुलींची नावं नव्याने आली होती. पहिली होती: वधू, पदवीधर, उंची पाच फूट दोन इंच, मनमिळाऊ, घरकामाची आवड, वय तेराशे छत्तीस.

मला आधी हसू फुटलं. एकटीच खो खो हसले, कॅफेवाला आणखी मागे सरकला. दुसरी तेराशे बत्तीस वर्षांची होती आणि तिला अनुरूप स्थळ म्हणजे तिच्याहून तीन-चार वर्षांनी मोठा हवा होता. मग हसता हसताच माझ्या तोंडचं पाणी पळालं. रविवारची दुपार. चार घरचे लोक याच वेळी स्थळं बघायला बसतात. कुणाच्या तरी लेकीचं असं हसं होणार होतं, आणि मी तिथे खूण केली होती.

खरं सांगायचं म्हणून बसलेय, तर हेही सांगते. त्या खुर्चीवर मला एक विचार आला. ओळ अभिजीतने लिहिली होती. मी तपासलं नाही हे जगात मला एकटीला ठाऊक. उद्या सकाळी मीच ही चूक शोधून नामदेवरावांपुढे ठेवली, तर तपासणारी बाई किती गरजेची आहे हे आपोआप सिद्ध होणार होतं. पोराला बोलणी बसली असती, मला नोकरी मिळाली असती. विचार फार सोयीचा होता. मी पाच मिनिटं त्याच्याशी खेळत बसले. मग तेराशे छत्तीस वर्षांची ती मुलगी पुन्हा दिसली आणि मी उठले.

शेजारच्या टेलिफोन बूथवरून अभिजीतच्या नारायणगुड्याच्या घरमालकाकडे फोन लावला. अभिजीत फोनवर आला, मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, “पण ताई, तुम्ही तर सगळं तपासलं होतं ना?”

“नाही,” मी म्हटलं. “तीनच तपासले. तुला खोटं सांगितलं.”

तो एवढंच म्हणाला, की ऑफिसची किल्ली माझ्याकडे आहे, अर्ध्या तासात या.

मी नथीसकट आबिड्सला गेले. जाताना डब्यात चार पुरणपोळ्या घेतल्या, कारण रविवारी हा पोरगा ब्रेड-ऑम्लेट खाऊन राहतो हे मला माहीत होतं. तो संगणकापुढे बसला होता. मान वर न करता त्याने काम सुरू केलं. शुक्रवारचा पाया त्याच्याकडे तारीख घालून जपून ठेवलेला होता. पूर्वी तो जुन्या प्रतींना ‘नवा’, ‘नवा दोन’, ‘शेवटचा’, ‘खरंच शेवटचा’ अशी नावं द्यायचा. मी तीन महिने डोकं खाल्लं, तेव्हा कुठे नंबर आणि तारीख घालायला लागला. त्यामुळे दहा मिनिटांत जुना पाया जागेवर आला आणि तिन्ही मुली पुन्हा विशीत आल्या. एक पोळी खाऊन झाल्यावर त्याने मान वर केली आणि म्हणाला, हे तारखांचं डोकं खाणं उपयोगी पडलं. माझ्या जिवात जीव आला.

पण फसलीचं काय? उद्या अकराला सभा. अभिजीतला पुन्हा तीच ओळ वेगळ्या जागी घालायची होती. मी म्हटलं, नको. आकड्याचं तोंड बघून अंदाज कशाला बांधायचा? माणसालाच विचार ना. मग त्याने फक्त संघटनेच्या साइटवर एक छोटी चौकट ठेवली, ‘माझी तारीख फसली आहे’. तिच्यावर खूण केली की महिन्यांची फसली नावं येणार. मी मामंजींना फोन लावला आणि त्यांनी आजूर, दै, बहमन अशी बाराच्या बारा नावं न अडखळता सांगितली. पायाला हात लावायची गरजच पडली नाही. अभिजीत स्वतःशीच म्हणाला, हे आधी का नाही सुचलं. मी म्हटलं, एका ओळीत भागत होतं म्हणून.

मग सेहेचाळीस नंबर. मी त्याला सासूबाईंच्या वाट्यांचं सांगितलं. त्याने सगळं ऐकलं आणि म्हणाला, म्हणजे त्या दिवशीच्या माझ्या प्रश्नाचं उत्तर हे. उठून त्याने मागचं कपाट उघडलं. त्यात टाइपरायटरच्या रिबिनींच्या रिकाम्या गोल डब्या होत्या, बावीस वर्षांच्या साठलेल्या. त्यातल्या सेहेचाळीस काढून त्याने लांब बाकावर मांडल्या आणि प्रत्येकीवर नंबर लिहिला. मी तपासायचं, मोठ्याने सांगायचं, आणि त्याने डबी उलटी घालायची. आंबिलीसारखं नुसतं हौ म्हणायची सोयच नव्हती. एकतिसाव्या नंबरला दोघंही जरा हळू झालो. रात्री साडेआठला शेवटची डबी उलटी पडली.

निघताना अभिजीतने दाराला कुलूप घातलं आणि माझ्याकडे न बघता बोलला. म्हणाला, “ताई, साहेबांना सांगायची काही गरज नाही. चूक गेली, कुणाला दिसलीही नाही. उद्या तुमचं ठरायचंय.”

ज्याच्यावर सगळा दोष ढकलायचा दुपारी माझा विचार होता, तो हे म्हणत होता. मी त्याला म्हटलं, एक मिनिट, किल्ली दे. आत जाऊन वही काढली. शनिवारच्या खुणांच्या खाली, पुसता येणार नाही अशा पेनाने लिहिलं: या दिवशी फक्त तीन नंबर तपासले, उरलेल्या त्रेचाळीस खुणा खोट्या आहेत, त्यामुळे एकतीस नंबरची चूक एक दिवस साइटवर राहिली, तारामती.

सोमवारची सभा छान झाली. पहिली नोंद मामंजींनी केली. त्यांनी फसलीच्या चौकटीवर खूण केली, यादीतून तीर महिना निवडला, आणि पडद्यावर वय सहासष्ट आलं. मागच्या रांगेतले एक म्हातारे उठून म्हणाले, हमारा भी साल मान लिये, आणि सगळा हॉल हसला. नामदेवराव खूश होते. मी खूश नव्हते. माझ्या पर्समध्ये वही होती.

दुपारी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ते काही बोलायच्या आत मी वही उघडून त्यांच्यापुढे ठेवली. चष्मा कपाळावरून खाली आला. त्यांनी वाचलं, मग मागची पानं उलटली, मग पुन्हा ते पान वाचलं. लाल पेन उघडून हातात धरलं होतं, पण कागदाला लावलं नाही.

ते म्हणाले, की परीक्षेला शेकडो मुलं टायपिंग करायची. चार-दोन चुका सगळ्यांच्या. एखादा अगदी बिनचूक कागद आणून द्यायचा, आणि त्यांना कळायचं, हा घरून टाइप करून आणलाय. मग त्यांनी सांगितलं, की मी घरी गेल्यावर ते रोज माझी वही बघत होते. पहिल्या दिवसापासून. सहा महिने, सगळ्या नंबरांवर खुणा, एक राहिलेला नाही, एक चुकलेला नाही. ही बाई नुसत्या रेघा ओढते, असं त्यांचं मत होत चाललं होतं. आज ते मला नाही म्हणणार होते.

“ज्या वहीत लिहिणाऱ्याची एकही चूक नाही, ती वही मी खरी कशी मानू?” नामदेवराव म्हणाले. “आज पहिल्यांदा खरी वाटली. उद्यापासून तुम्ही पक्क्या.”

मी म्हटलं, साहेब, बाकीच्या दिवसांच्या खुणा खऱ्या आहेत हो, एकेक तपासलेय. ते म्हणाले, आता पटलं. आणि मी, जिच्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो, ती त्यांच्या टेबलापाशी पदराने डोळे पुसत उभी राहिले. शिवाय त्यांनी अभिजीतला बोलावून ऐकवलं, की पायाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. ते मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मंगळवारी सकाळी ऑफिसात गेले तर डब्यांची रांग खिडकीपाशी मांडलेली, सगळ्या सुलट्या. अभिजीत म्हणाला, आता ही रोज लागणार. काही दिवसांत मी असा प्रोग्रॅम लिहितो की कॉम्प्युटरच सगळे नंबर तपासेल, पण तोवर डब्या. मी मोजल्या. सत्तेचाळीस भरल्या. शेवटच्या डबीवर नंबर नव्हता, नुसतं ‘ताई’ लिहिलं होतं. मी विचारलं, ही कशाची? तो म्हणाला, बाकीच्या खरंच तपासल्यात का, त्याची.

माझा राग नाकापर्यंत आला आणि तिथेच थांबला. पुढे त्याने तो प्रोग्रॅम लिहिला, आणि सगळे नंबर आता चार मिनिटांत तपासून होतात. डब्या कपाटात गेल्या. ती एक माझ्या टेबलावर आहे. घरी निघताना मी ती उलटी घालते, आणि ज्या दिवशी घालता येत नाही, त्या दिवशी पर्स खाली ठेवून पुन्हा खुर्चीवर बसते.